मंद आचेवरचे फळ

मृगाच्या सरी सुरू झाल्या की जोयडा तालुक्यातील फणसांच्या झाडांखाली एक गोड, आंबूस दरवळ पसरू लागतो. नवख्या माणसाला तो सुखावतो; परंतु घरच्या गृहिणीला त्याचा अर्थ ठाऊक असतो. झाडावर फळ पिकत आहे, खाणारी तोंडे मोजकी आहेत, आणि उरलेले फळ मातीत जाणार आहे, असे तो दरवळ सांगत असतो.

उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा तालुका गोव्याच्या आणि बेळगावच्या सीमेला लागून, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सारा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तालुक्याचे नाव सुपे असे होते. वस्ती विरळ, रान दाट आणि पाऊस मुसळधार. घरांतून कोंकणी बोलणाऱ्या येथील कुणबी समाजाला कंद, फणस, कोकम, करवंद यांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती फळ टिकविण्यास लागणाऱ्या उन्हाची.

फळ टिकविण्याची आपल्याकडील सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे ऊन. आंबापोळी आणि फणसपोळी ही त्याच युक्तीची अपत्ये होत. गर चाळून ताटावर पसरावा, सुकला की त्यावर दुसरा थर द्यावा. सूर्यनारायण फुकटात काम करून जातो. परंतु घाटमाथ्यावर पुष्कळसे फणस पिकतात ते नेमके आभाळ भरून आल्यावर. मग एकच मार्ग उरतो: रस चुलीवर आटविणे. कोंकणात आंब्याचा मावा याच रीतीने होतो. गोव्यात ‘मांगाड’ म्हणून ओळखला जाणारा आंब्याचा दाट पाकही याच जातीचा. त्या नावातील शेवट पोर्तुगीज वळणाचा आहे. पोर्तुगालमध्ये ‘मार्मेलो’ नावाच्या तुरट फळाचा गर साखरेत आटवून ‘मार्मेलाद’ करीत. इंग्रजांचे मार्मालेड हे नाव त्यावरूनच आले.

याच कुळातला एक पदार्थ उत्तर युरोपातून अमेरिकेत गेला. त्याला तिकडे सफरचंदाचे लोणी म्हणतात. नाव फसवे आहे. त्यात दुधाचा थेंब नसतो. सफरचंदाचा गर इतका आटवावयाचा की तो पावावर लोण्यासारखा पसरावा, एवढाच त्या नावाचा अर्थ. पेनसिल्वेनियातील जर्मनवंशीय शेतकरी शरद ऋतूत अंगणात मोठे तांब्याचे हंडे चढवीत. शेजारीपाजारी जमत आणि लांब दांड्याच्या लाकडी चाटूने दिवसभर आळीपाळीने ढवळीत. ढवळणे थांबले की तळ लागे, आणि तळ लागला की साऱ्या हंड्याला करपट वास येई. आपल्याकडे मावा आटविणाऱ्या सासूसुनांना हे दुःख समजावून सांगावयास नको.

या पदार्थामागील शास्त्र साधे आहे. सफरचंदात शेकडा ८५ च्या आसपास पाणी असते. हे पाणी आहे तोवर बुरशी आणि किण्व यांना मोकळे रान असते. पाणी उडाले आणि उरलेले साखरेने बांधून ठेवले, की त्यांची वाढ खुंटते. मुरंब्यासारख्या जॅममध्ये विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण शेकडा ६५ च्या पुढे नेतात. अमेरिकेतील नियमाप्रमाणे फळांच्या लोण्याला शेकडा ४३ पुरेसे आहे. म्हणजे हे लोणी जॅमहून कमी गोड, परंतु त्याच कारणाने कमी टिकाऊ. त्याचा तांबूस-काळा रंग केवळ मसाल्याने येत नाही. फळातील साखर दीर्घकाळ उष्णतेत राहिली म्हणजे तो रंग आणि ती खमंग चव आपोआप उतरते. हे काम वेळाचे आहे. आच मोठी केली तर रंग लवकर येईल, पण तो करपल्याचा असेल.

दिवसभर ढवळण्याच्या या शिक्षेतून सुटका केली ती विजेच्या संथ भांड्याने. आयर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. लिथुएनियातील ज्यू कुटुंबांत शब्बाथच्या आदल्या सायंकाळी कडधान्याचे भांडे भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवून देत आणि दुसऱ्या दिवशी काढीत. आईकडून ऐकलेली ही आठवण त्याच्या मनात होती. पुढे १९७१ मध्ये हेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने अमेरिकेच्या बाजारात आले. आपल्या जुन्या चुलीच्या वैलावर, मुख्य जाळाच्या उरलेल्या उष्णतेवर, दूध तापत ठेवण्याची जी रीत होती तिचाच हा विजेचा अवतार म्हणावयास हरकत नाही. यात चिनी मातीच्या भांड्याला उष्णता मुख्यतः बाजूंनी आणि अगदी बेताने मिळते, त्यामुळे तळ सहसा लागत नाही.

चवथीच्या सुमारास बाजारात सफरचंदे दिसू लागली म्हणजे ज्यांच्या घरी असे भांडे आहे त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. साल, बिया व मधला कठीण भाग काढून २ किलो फोडी घ्याव्यात. थोडी आंबट फळे मिसळली तर उत्तम. त्यात २०० ग्रॅम चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, दालचिनीचे दोन तुकडे, चार लवंगा आणि एका लिंबाचा रस घालावा. पाणी घालू नये. फळ स्वतःच्या रसात शिजते. झाकण लावून मंद आचेवर ८ तास ठेवावे. नंतर मसाल्याचे तुकडे काढून गर रवीने घोटावा किंवा पुरणयंत्रातून काढावा.

येथपर्यंत सर्वांचे जमते. चूक होते ती पुढे. झाकण बंद असले की वाफ वर जाऊन पुन्हा भांड्यातच ठिबकते, आणि फळ शिजते पण आटत नाही. म्हणून उरलेला सारा वेळ झाकण कलते ठेवावे, आच वाढवावी आणि अर्ध्या तासाने एकदा ढवळावे. दोन ते चार तास लागतील. गार बशीवर चमचाभर गर ठेवून पाहावा. त्याच्या कडेने पाण्याची रेघ सुटली तर अजून अवकाश आहे. ढीग जसाच्या तसा उभा राहिला तर काम झाले. सारे मिळून सुमारे १ किलो लोणी हाती येते. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बरण्यांत ते गरम असतानाच भरावे, आणि निवल्यावर शीतकपाटात ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावे.

हीच रीत बरक्या फणसाला लावली म्हणजे जोयड्याच्या गृहिणीचा खरा प्रश्न सुटू लागतो. चाळणीवर घासून काढलेला गर या भांड्यात घालावा. मात्र येथे एक सावधगिरी हवी. सफरचंदाचा आंबटपणा त्याचे रक्षण करतो; फणसात तो फार थोडा. म्हणून लिंबाचा रस वाढवावा, गूळ अधिक घालावा आणि गर भांड्यापासून सुटून गोळा होईपर्यंत आटवावा. शेवटचे आटविणे जाड बुडाच्या कढईत केले तर वेळ वाचतो. तांब्यापितळेचे भांडे वापरावयाचे तर त्याला चांगली कल्हई असली पाहिजे. पावसाने वीज गेली आणि रानातल्या तारांवर पडलेले झाड लवकर हलले नाही, तर अर्धवट शिजलेला गर कोमट ठेवू नये. त्याला तत्काळ चूल दाखवावी.

आता जळणाचा हिशेब. १ किलो पाण्याची वाफ करण्यास विजेचा पाऊण युनिटही लागत नाही. सफरचंदाच्या वरील साऱ्या खटाटोपास दोन-तीन युनिट पुरतात. उघड्या चुलीत मात्र लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा भांड्याला मिळतो, बाकीची आढ्याला आणि डोळ्यांना. तेच काम तेथे करावयाचे तर दोन किलोहून अधिक लाकूड जाते, आणि धुरात तासन्‌तास उभी राहणारी एक बाई लागते. तालुक्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्रप्रकल्पात मोडतो. अशा मुलखात मोळीचा आणि बाईच्या दिवसाचा हिशेब एकत्रच करावा लागतो.

आणि ही वीज काही परकी नव्हे. काळी नदी याच तालुक्यात उगम पावते. १९८० च्या दशकात गणेशगुडीजवळ तिच्यावर धरण पूर्ण झाले आणि जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले. घरे गेली, शेते गेली, परसातले आंबे-फणसही गेले. त्या पाण्यावर फिरणाऱ्या यंत्रांनी दूरदूरची शहरे उजळली. ज्या मुलखाने नदी दिली, त्याच मुलखाच्या स्वयंपाकघरात तिच्या विजेवर परसातला फणस आटू लागला, तर ते त्या देण्याचे थोडे का होईना, पण गोड उट्टे ठरेल.

त्यासाठी प्रत्येक घरी नवे भांडे हवे असे नाही. वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून एक भांडे घेतले आणि फणसाच्या दिवसांत पाळी लावून वापरले, तरी मातीत जाणारा पुष्कळसा गर बरणीत जाईल. श्रावणात भाकरीवर त्याचा चमचाभर लेप पडला की घरातील मुलांना या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.