शस्त्रक्रियेतला यंत्रमानव



पारावर हल्ली एक गोष्ट कानावर येते. "मुंबईला म्हणे यंत्रच माणसाचं ऑपरेशन करतं! डॉक्टर हातसुद्धा लावत नाही." हे ऐकून पुष्कळांना धास्ती वाटते. यंत्राच्या हाती जीव कसा द्यावा?

तुम्ही जेसीबी पाहिला आहे. त्याचा लोखंडी हात माती उकरतो. पण दांडा कुणाच्या हातात असतो? चालकाच्या. चालक खाली उतरला की तो हात जागच्या जागी थांबतो. शस्त्रक्रियेतल्या रोबोचे तसेच आहे बघा.

आधी रोग्याला भूल देतात. मग पोटावर बोटाएवढी बारीक छिद्रे पाडतात. त्यांतून रोबोचे हात आत जातात. एका हातावर कॅमेरा, बाकीच्यांवर चिमटे आणि कात्री. सर्जन त्याच खोलीत, जरा बाजूला, एका पेटीला डोळे लावून बसतो. आतले सारे त्याला दहापट मोठे दिसते. तो बोटे हलवील तसा आतला चिमटा हलतो. त्याचा हात थोडा थरथरला, तरी चिमटा थरथरत नाही. रोग्याजवळ दुसरे डॉक्टर व नर्स उभ्याच असतात. अडचण आलीच, तर पोट उघडून काम पुरे करतात.

'दा विंची' नावाच्या अशा यंत्राला अमेरिकेत २००० साली सरकारी मंजुरी मिळाली. २००१ साली तर न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉक्टर मारेस्को यांनी समुद्रापलीकडे, फ्रान्समधल्या बाईचे पित्ताशय काढले. आता गुरगावलाही असे यंत्र बनते.

जखम लहान, म्हणून रक्त कमी जाते. रोगी लवकर उठतो. पण यंत्राची किंमत कोटींत असते, आणि ती शेवटी बिलात येते. पित्ताशयासारख्या कामाला बहुधा साधी दुर्बीण पुरते.

महागडे तेच चांगले, असेही नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे पोट उघडून गर्भाशय काढले, त्यांतल्या शंभरात सुमारे ९६ बायांना साडेचार वर्षे रोग परतला नाही. दुर्बिणीने किंवा रोबोने काढले, त्यांत ८६. भगिनींनो, हे ध्यानात ठेवा.

तेव्हा जमीन गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा: रोबो कशासाठी? साध्या रीतीने भागेल का? तुम्ही स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या? सरकारी योजनेत हे बसते का? चांगला डॉक्टर नीट समजावून सांगतो. रागावला, तर दुसऱ्याला विचारावे.