आकडे जुळले म्हणजे रायफल अस्सल?

थ्री-नॉट-थ्री हे नाव आपल्याला नवे नाही. पोलीस ठाण्याच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर ही रायफल वर्षानुवर्षे होती, आणि तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात होत. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे असत. तिचे सरकारी नाव शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड. १९०७ची मार्क-३ आणि पहिल्या महायुद्धात निघालेली तिचीच सुटसुटीत आवृत्ती, मार्क-३ स्टार, इंग्लंडात एन्फिल्ड, बर्मिंगहॅम आणि लंडन इथे, ऑस्ट्रेलियात लिथगोला आणि बंगालमध्ये ईशापूरला बनली. अशी एखादी जुनी रायफल समोर आली की संग्रहालयवाला असो वा संग्राहक, पहिला प्रश्न एकच विचारतो: हिचे भाग मूळचे आहेत का? आणि उत्तरासाठी भिंग घेऊन आकडे जुळवायला बसतो. हा पुरावा आपण समजतो त्यापेक्षा बराच कच्चा आहे, हे मला आज मांडायचे आहे.

आधी पाहू, आकडे घातले कशासाठी. एकच क्रमांक बॉडीवर, बॅरलच्या बुडाशी, बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी, तोंडाकडच्या नोजकॅपवर, मागच्या साइटच्या पानाखाली आणि पुढच्या लाकडाच्या टोकाशी खालच्या अंगाला सापडतो. संग्राहकांची सोय म्हणून तो कोणी घातलेला नाही. या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला दोन खुंट्यांवर अडकतो, आणि त्या खुंट्या बॉडीतल्या खाचांत घासून बसवाव्या लागतात. भलताच बोल्ट घातला तर एकाच खुंटीवर सगळा भार येतो, किंवा बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांच्यात नको तेवढी फट राहते. मग काडतूस ताणून फाटते. लाकूडही बॉडीला नेमके टेकले नाही तर नेम हलतो. म्हणजे क्रमांक ही कारागिराची सूचना: हा बोल्ट याच रायफलीचा, दुसरीत घालू नये. ती जन्मतारीख मुळीच नव्हे. म्हणूनच दुरुस्तीत बोल्ट बदलला की फौजेचा आर्मरर जुना आकडा रेघ मारून खोडी आणि नवा ठोकी. आकडे जुळतात यावरून इतकेच कळते की कोणीतरी, कधीतरी, ते जुळवले. कारखान्यात, डेपोत, की परवा एखाद्या विक्रेत्याच्या माळ्यावर, हे आकडा सांगत नाही.

तेव्हा आकड्याचे मूल्य सोडून त्याचा ठसा पाहावा. बोल्टच्या दांड्याचे मूळ तिरप्या उजेडात धरा. पोलादावर पंच ठोकला की अंकाच्या कडेला धातूची बारीक कोर उचलली जाते. अंकाच्या खोलगटात बाकीच्या बोल्टसारखाच जुना काळपटपणा असेल तर ठसा आधीचा. आत चकाकी आणि बाहेर म्हातारपण, तर ठसा अलीकडचा. अंक वाकडेतिकडे आहेत म्हणून मात्र संशय घेऊ नये, कारण एकेक अंक हातोडीने ठोकलेला असे. संशय घ्यायचा तो त्या जागेचा पृष्ठभाग किंचित बसका आणि फार गुळगुळीत असेल तर. कानशीने आकडा निघतो, पण पंचाच्या दाबाने खालचा धातूही बदललेला असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा क्युप्रिक क्लोराइडयुक्त आम्ल लावून तोच दबलेला आकडा पुन्हा वाचतात. संग्रहालयातल्या वस्तूला आम्ल लावणे हे रोगापेक्षा औषध जालीम, म्हणून ती वाट शेवटची. त्याआधी बोल्ट काढून दोन्ही खुंट्यांवरची घासणीची चमक पाहावी. बॉडीतल्या खाचांमध्ये त्याच जागी तशीच चमक असेल तर या दोघांनी बरीच वर्षे एकत्र काढली आहेत. आकडा काहीही म्हणो!

बॅरलचेही तसेच. कॉर्डाइट ही दारू नळी आतून खात असे आणि काडतुसाच्या टोपीतल्या क्षाराने गंज चढत असे. वेळच्या वेळी उकळते पाणी ओतून धुतली नाही तर नळी बाद. म्हणून बॉडीवर १९१६ आणि बॅरलवरही १९१६ असले तर संग्राहक हरखतो. मला मात्र वाटते की ही रायफल बहुधा फारशी झाडली गेली नसावी. नंतरच्या सालाची बॅरल हीच अनेकदा नोकरीची साक्ष. याउलट खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या नकला पाहा. त्यांवर मुकुटाखाली राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे आणि पुढे १९०७ किंवा त्यानंतरचे साल सापडते. राणी वारली जानेवारी १९०१मध्ये. अशा नकलेवर सगळे आकडे तंतोतंत जुळत असले तरी काय उपयोग?

यावर कोणी म्हणेल, मग बदललेले सगळेच अस्सल म्हणायचे का? नाही. फौजेने केलेला बदल आपली खूण मागे ठेवतो: खोडलेला आकडा, तपासनिसाचा शिक्का, दुरुस्तीची तारीख, लाकूड तडकू नये म्हणून ईशापूरला घातलेला आडवा स्क्रू. लबाडी खूण पुसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कारखानेच घाईच्या काळात शिल्लक माल वापरत, मग मार्क-३ स्टारला जुन्या धर्तीचे लाकूड दिसले तर ते कारखान्यातले की नंतरचे? इथे दरवेळी निवाडा होत नाही, हे मान्य. पण आकडे जुळवूनही तो होत नाही. उलट झाला असे वाटते, आणि ते अधिक वाईट. बाजारात जुळत्या आकड्यांना जास्त किंमत येते हे खरे, आणि खोटे आकडे ठोकण्याचे कारणही तेच.

समजा एका रायफलीवर बॉडीचे साल १९१७, बॅरलचे १९४४, बोल्टवर एक आकडा खोडून दुसरा, आणि लाकडात ईशापूरचा स्क्रू. नोंदवहीत तिच्यापुढे 'मूळ नाही' असे लिहिण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी लिहावे: बॉडी १९१७ची, बॅरल १९४४ची, बोल्ट दुसऱ्या रायफलीचा, पण हिला बसवून क्रमांकित केलेला, लाकडाची मजबुती ईशापूर पद्धतीची.