नवं गाणं आपल्यापर्यंत कोण आणतं?

(स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांसाठी जानेवारीत झालेल्या निवासी शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



आपल्या प्रत्येक शिबिराची सुरुवात गाण्यांनी होते. काल रात्रीही आपण तासभर गायलो. त्यातली बहुतेक गाणी मी पाळण्यात असताना किंवा त्याही आधी लिहिली गेली आहेत. ती जुनी झाली असं मी म्हणणार नाही. मोर्चात पाय थकले की तीच आपल्याला पुढे नेतात. पण वर्ष सुरू झालं की नवी गाणी, नवे अल्बम येतात, आणि ते आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. आपल्याला आवडेल असं नवं शोधायचं कसं आणि ते एकमेकींना द्यायचं कसं, हा माझा आजचा विषय आहे.

कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय वाचून काहीजणी हसल्या. 'रेशनचा, पाण्याचा प्रश्न पडलेला असताना हिला गाणी सुचतात!' असंही कानावर आलं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना आपण मारहाण, पैशांची अडवणूक, घरातून हाकलणं अशा तक्रारी लिहून घेतो. अर्जात न लिहिल्या जाणाऱ्या तक्रारीही असतात. 'कानात वायर घातली की सासू विचारते, कोणाशी बोलतेस?' 'तो घरी आला की आधी माझा फोन तपासतो.' आता दिवसभरात बाईच्या कानावर पडणारी गाणी मोजा. घरातला टीव्ही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. रिक्षात गाणं रिक्षावाल्याच्या आवडीचं. लग्नात, गणपतीत डीजे मंडळाच्या पोरांचा. सकाळपासून रात्रीपर्यंत ती गाणी ऐकते, पण तिने स्वतः निवडलेलं त्यात एकही नसतं. बाईने काय खावं, काय ल्यावं, कुठे जावं हे दुसऱ्यांनी ठरवू नये असं आपण म्हणतो. मग तिने काय ऐकावं हे दुसऱ्यांनी का ठरवावं?

मोबाईल आल्यावर निवड आपल्या हातात आली, असं वाटतं. पण ॲप उघडल्यावर समोर काय येतं? ज्याची जाहिरात जास्त आणि जे आधीच लाखोंनी ऐकलंय, तेच बहुधा वर दिसतं. एखाद्या अनोळखी बाईचा पहिला अल्बम तिथे आपोआप वर येत नाही. तो कोणीतरी शोधावा लागतो आणि दुसरीला सांगावा लागतो.

शोधायला वर्षाची सुरुवात सोयीची असते, याची कारणं साधी आहेत. मोठ्या कंपन्या आपला मोठा माल दिवाळी-नाताळच्या आधी बाजारात आणतात. जानेवारीत गर्दी ओसरते आणि लहान कंपन्यांच्या, कमी ओळखीच्या कलावंतांच्या कामाकडे बघायला उसंत मिळते. दुसरं म्हणजे सणवार आणि जयंत्या. पंजाबात माघी पौर्णिमेला गुरू रविदास जयंती असते, तिच्यासाठी नवी गाणी निघतात. आपल्याकडे १४ एप्रिलच्या आधी नवी भीमगीतं येतात. मध्ये ८ मार्च असतोच. अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत पडली आहे. आठवड्यातून एकदा, शनिवारी अर्धा तास काढला तरी काय नवीन आलं ते कळतं.

आता एका अल्बमबद्दल सविस्तर सांगते. २२ फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेत 'साँग्ज ऑफ अवर नेटिव्ह डॉटर्स' नावाचा अल्बम आला. 'या भूमीच्या लेकींची गाणी' असं आपण म्हणू. चार कृष्णवर्णीय बायकांनी तो केला. रिॲनन गिडन्स, ॲमिथिस्ट काया, लेला मॅकाला आणि ॲलिसन रसेल ही त्यांची नावं. चौघीही बँजो वाजवतात. बँजो म्हटलं की अमेरिकेत गोऱ्या शेतकऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. पण त्या वाद्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतलं आहे. गुलाम करून नेलेल्या माणसांनी ते अमेरिकेच्या भूमीवर घडवलं, नंतर गोऱ्यांनी ते उचललं आणि ज्यांचं होतं त्यांचं नावच पुसलं गेलं. ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते ना?

हा अल्बम करण्यामागचं एक कारण गिडन्स यांनी सांगितलं आहे. गुलामांच्या बंडावरचा एक चित्रपट त्या पाहत होत्या. त्यात मालकाच्या घरी एका गुलाम स्त्रीवर अत्याचार होतो, पण कॅमेरा टिकून राहतो तो तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर. अत्याचार तिच्यावर, आणि गोष्ट मात्र त्याच्या अपमानाची! आपल्या पोलीस ठाण्यांत, जातपंचायतीत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हेच चालतं. अल्बममधल्या १३ गाण्यांतल्या अनेक गाण्यांनी कॅमेरा फिरवून त्या बाईकडे नेला आहे.

एका गाण्यात लहान मूल आईबद्दल बोलतं. मुकादम तिच्यावर पुन्हा पुन्हा अत्याचार करतो, शेवटी ती त्याला मारते आणि तिला फाशी दिलं जातं. या गाण्याला तारवाद्य नाही. टाळ्या, ठेका आणि बायकांचे आवाज एवढंच आहे. दुसरं गाणं जॉन हेन्रीच्या बायकोचं आहे. जॉन हेन्री हा रेल्वेसाठी डोंगर फोडणारा, यंत्राशी पैज लावणारा लोककथेतला मजूर. त्याच्यावर शेकडो गाणी आहेत. तो आजारी पडला तेव्हा त्याची बायको पॉली ॲन हिने हातोडा उचलला, याचा उल्लेख जुन्या गाण्यात जेमतेम एका कडव्यात येतो. या बायकांनी त्या कडव्याचं पूर्ण गाणं केलं. आणखी एक गाणं ॲलिसन रसेल यांच्या पूर्वज स्त्रीचं, क्वाशेबाचं. तिला आफ्रिकेतून ग्रेनाडा बेटावर विकायला नेलं होतं.

आणि एक गाणं एट्टा बेकर यांच्यावरून सुचलेलं आहे. या बाई १९१३ साली जन्मल्या. गिटार अशी वाजवायच्या की मोठमोठे वादक त्यांच्याकडून शिकले. पण त्यांनी बाहेर जाऊन वाजवणं नवऱ्याला पसंत नव्हतं. त्यांनी संसार केला, मुलं वाढवली, कापडाच्या गिरणीत नोकरी केली. साठीच्या सुमाराला नोकरी सोडून त्या पूर्ण वेळ वाजवू लागल्या. त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम १९९१ साली आला, तेव्हा त्यांचं वय ७८ वर्षांचं होतं.

आमच्या वस्तीतल्या बैठकीत मी ही गाणी लावली. बायकांना इंग्रजी येत नाही, म्हणून आधी गोष्ट मराठीत सांगितली, मग गाणं लावलं, मग थोडा वेळ कोणी बोललं नाही. टाळ्यांचं गाणं पुन्हा लावायला सांगितलं, तिसऱ्यांदाही. एट्टाबाईंचं ऐकून साठीच्या एक मावशी म्हणाल्या, 'आमची आई जात्यावर अशी गायची की शेजारणी दळण घेऊन आमच्याकडे यायच्या. बापाने एकदा म्हटलं, आवाज रस्त्यावर जातो. त्या दिवसापासून ती मुक्याने दळायला लागली.' मावशी आमच्या गटात नऊ वर्षं येतायत. त्यांच्या आईबद्दल आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते ऐकायला मिळालं कारण सातासमुद्रापलीकडचा अल्बम कोणीतरी शोधून आमच्या खोलीत आणला. तो मला माझ्या एका जुन्या वर्गमैत्रिणीने पाठवला होता, सोबत चार ओळी लिहून. नुसती लिंक असती तर मी उघडली असती की नाही, शंका आहे.

जवळचं उदाहरण द्यायचं तर जालंधरच्या गिन्नी माहीचं. २०१५ मध्ये आणि २०१६ मध्ये तिचे अल्बम आले, तेव्हा ती विशीतही नव्हती. गुरू रविदास आणि बाबासाहेब आंबेडकर हे तिच्या गाण्यांचे विषय. कॉलेजात एका मुलीने तिला जात विचारली, आणि उत्तर ऐकून ती जात 'डेंजर' असल्याचा शेरा मारला. २०१६ मध्ये तिने तोच शब्द घेऊन 'डेंजर चमार' गाणं केलं. शिवीसारखा वापरलेला शब्द तिने मान वर करून परत दिला. तिला मोठ्या चित्रपट कंपनीने पुढे आणलं नाही. आधी वस्तीवस्तीतल्या जयंतीच्या मंचांनी आणि फोनवरून फोनवर गाणी पाठवणाऱ्या माणसांनी आणलं. आपल्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. त्याही मोबाईलवर फिरलेल्या चित्रफितींतूनच घरोघरी पोहोचल्या.

पण पाठवण्याचीही एक रीत असते. गाणं फिरतं आणि नाव गळून पडतं, हे आपण रोज पाहतो. कवी कोण, गायिका कोण, कोणाला ठाऊक नसतं. ज्यांनी ओव्या गोळा केल्या त्यांनी आपल्याला या बाबतीत धडा घालून दिला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवाँ यांनी महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ऐकायला मिळतात. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही असतं. शेतमजूर बाईचं नाव जपता येतं, तर अल्बम काढणाऱ्या मुलीचं का नाही?

नावासोबत पैशाचाही प्रश्न आहे. 'स्पॉटिफाय'ने २०२४ पासून नियम केला की आधीच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मानधन नाही. सिनेमाच्या गाण्याला हजार हा आकडा काही मिनिटांचा. नव्या, एकट्या गाणाऱ्या बाईला तो वर्षभरात गाठणं अवघड असतं. आपण गाण्याची फाईल काढून गटावर टाकली, तर ते ऐकणं कुठेच मोजलं जात नाही. तिच्या स्वतःच्या पानाची लिंक पाठवली आणि पन्नास बायकांनी वीस-वीस वेळा ऐकलं, तर हजार भरतात. हजाराने तिचं घर चालणार नाही, हे मला माहीत आहे. पण 'हिला कोणी ऐकत नाही' असं म्हणायला तरी जागा उरणार नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, प्रत्येक गटाने दोघींवर जबाबदारी द्यावी. जानेवारी ते मार्च त्यांनी दर शनिवारी नवं काय आलं ते पाहावं आणि महिन्याला एकच अल्बम निवडावा. दहा पाठवले तर एकही ऐकला जात नाही. दोन, पाठवताना गायिका, कवी, गाव, साल आणि 'मला हे का आवडलं' याच्या चार ओळी लिहाव्यात. तीन, बैठकीत एकत्र ऐकावं. ज्या बाईला घरी फोन उघडता येत नाही, तिला ऐकण्याची जागा तीच आहे. आधी गोष्ट, मग गाणं, मग गप्प बसायला वेळ, मग बोलणं. चार, एखादीला गाणं आवडलं नाही तर तिने मोकळेपणाने तसं म्हणावं. चळवळीचं आहे म्हणून चांगलं म्हणायची सक्ती नको. नावडतं सांगता येणं हाही निवडीचाच भाग आहे.

८ मार्चच्या आधीच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपला एक अल्बम घेऊन यायचा आहे. वही मी ठेवते. त्यात अल्बमसोबत तो आणणारीचंही नाव लिहू. आता तुम्ही बोला. गेल्या वर्षभरात स्वतः शोधून ऐकलेलं एखादं नवं गाणं कोणाकोणाला आठवतंय? हात वर करा.