ऐसपैस कादंबरीचं देणं



 व्हिक्टोरियन काळातल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांवर प्रेम करणारी एवढी माणसं या संमेलनात दोन दिवस एकत्र बसणार, याचा मला फार आनंद आहे.

या कादंबऱ्या मुळातच सवडीने वाचल्या गेल्या. डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ अशी महिन्याच्या महिन्याला, शिलिंगाच्या अंकांतून आली. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ १८७१-७२मध्ये आठ भागांत निघाली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून अशीच हप्त्याहप्त्याने आली; तेव्हा ही रीत मराठी घराला परकी नाही.

एवढी पानं वाचून मिळतं काय? मी ‘मिडलमार्च’मधल्या बुलस्ट्रोडबाईंचं नाव घेईन. कथेत त्या दुय्यमच. नटण्याची हौस असलेली, स्वतःच्या घराण्याचा मान जपणारी सुखवस्तू बाई, एवढीच आपली ओळख. मग त्यांच्या धर्मनिष्ठ बँकर नवऱ्याचं जुनं पाप उघडं पडतं. गावभर कुजबुज होते. त्यांना मात्र शेवटी भावाकडून कळतं. त्या घरी येऊन खोलीचं दार लावून घेतात. दागिने उतरवतात, साधा काळा झगा चढवतात, केस चापून बसवतात, साधी टोपी घालतात आणि खाली जाऊन मान घालून बसलेल्या नवऱ्याशेजारी बसतात. जाब विचारत नाहीत. दोघं रडतात.

हे चौऱ्याहत्तरावं प्रकरण. सारांशात वाचलं तर एका पतिव्रतेची गोष्ट. आधीची त्र्याहत्तर प्रकरणं त्या गावात राहून काढली असतील, तर मात्र आवंढा गिळावा लागतो; कारण या बाईबद्दल आपण केव्हाच मत बनवून मोकळे झालेलो असतो. रुक्ष पंडित कॅसाबनच्या बाबतीतही तेच: त्याचा राग येऊ लागतो न लागतो तोच लेखिका त्याच्या बायकोला, डोरोथियाला थांबवून त्याची बाजू मांडायला बसते. माणसाबद्दलचं मत बदलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ही कादंबरी देते. छोट्या कथेला ते जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. काही पानं रेंगाळतात, हे खरं. तीही वगळू नयेत.

त्याच काळातले कादंबरीकार थॅकरे आणि ट्रॉलप यांच्यावरून इथे वाद होतील, ते मोकळेपणाने होऊ द्या. आणि ज्यांची ‘मिडलमार्च’ अर्ध्यावर राहिली आहे, त्यांनी घरी गेल्यावर ती पहिल्या पानापासून पुन्हा हाती घ्यावी, ही माझी आग्रहाची विनंती.