मॉरिशसचे मराठी

ऊसतोडीला गाव सोडणारी कुटुंबं शिरूर अनंतपाळ परिसराला अनोळखी नाहीत. पण उसासाठी मराठी माणूस समुद्रापार मॉरिशस बेटावरही गेला होता.

इंग्रजांनी १८१० मध्ये मॉरिशस जिंकलं. पुढे गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली गेली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. मराठी मजूर मुख्यतः कोकणातले, मुंबई बंदरातून निघालेले. पोर्ट लुईला उतरल्यावर आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढायच्या, नोंद करायची, मग मळा गाठायचा.

तो घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मॉरिशसच्या शाळांत आजही मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.