उतारवयातलं गाणं



वय झालेल्या गवयाच्या मैफलीला जाऊच नये, असं मानणारे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं असं, की ऐन भरातलं गाणं ध्वनिमुद्रिकांत आहे, आपल्या कानात आहे. मग ऐंशीव्या वर्षीचा थरथरता षड्ज ऐकून त्याच्यावर पाणी का ओतायचं? दुसरा गट भाविकांचा. ही मंडळी येतात ती दर्शनाला. कलाकाराला हाताला धरून मंचावर आणलं की यांचे डोळे भरून येतात, आणि पुढे तो कसाही गायला तरी टाळ्या ठरलेल्या. मला दोघांचंही पटत नाही. भाविकांचं तर जरा जास्तच पटत नाही, कारण पहिल्या गटातले निदान गाण्याबद्दल बोलत असतात.

वयानं गळ्याचं काय होतं, हे ऐकणाऱ्याला कळतंच. दमसास तोकडा होतो. पट्टी उतरवावी लागते. द्रुत तानेतले दाणे एकमेकांना चिकटतात. आणि आवाज तापायला वेळ लागतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याचे घोट घेण्यात, घसा साफ करण्यात, तानपुऱ्याकडे वळून वळून बघण्यात जातात. नेमक्या याच वेळात अर्धे श्रोते निकाल लावून मोकळे होतात.

एका ज्येष्ठ गायिकेच्या बैठकीला मी अगदी पुढे बसलो होतो. यमनचा विलंबित ख्याल चालला होता. बढत करत करत त्या निषादापर्यंत आल्या. आता तार षड्ज लागणार, म्हणून सगळे सरसावून बसले. बाईंनी निषाद लांबवला, हाताची बोटं किंचित वर उचलली, आणि मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येनं षड्ज लावला. तो षड्ज वर तसाच टिकून असताना बाई सावकाश खाली गंधारावर आल्या, तिथून मुखडा उचलला आणि समेवर उतरल्या. पन्नाशीत असत्या तर तो षड्ज त्यांनीच लावला असता, आम्ही वाहवा म्हटलं असतं आणि विसरून गेलो असतो. शिष्येच्या षड्जाखालचा तो गंधार मात्र पन्नाशीत त्यांना सुचायची गरजच नव्हती. सगळं देणारा गळा असला की काय घ्यावं याचा विचार करावा लागत नाही. पेन्शनीत घर चालवणाऱ्याला जसा पैसा कुठे जातो ते दिसतं, तसा उतारवयात गवयाला प्रत्येक स्वर दिसत असावा.

अर्थात सगळ्यांचं वय सारखं गात नाही. गंगूबाई हनगलांच्या 1930च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी हुबळी’ या नावानं निघाल्या. त्यांतला आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो जाड, भारदस्त झाला, आणि गंगूबाई म्हणून आपण ओळखतो तो हाच आवाज. गळ्यानं तरुणपणीच एकदा दगा दिला होता, आणि त्यांनी नव्या आवाजाशी जमवून घेतलं होतं. म्हणूनच म्हातारपण त्यांना जड गेलं नसावं, असा आपला माझा तर्क. 2006 साली, वयाच्या 93व्या वर्षी, त्या शेवटच्या जाहीर मैफलीला बसल्या. मल्लिकार्जुन मन्सूरांचं तर आणखी वेगळं. त्यांना खरी कीर्ती मिळाली ती साठीच्या आसपास. शिवमत भैरव, असा तोडी, खट असे अनवट राग गाणारा म्हातारा माणूस, हीच पुष्कळांच्या मनातली मन्सूरांची पहिली ओळख. त्यांच्या बाबतीत ‘पूर्वीचे मन्सूर राहिले नाहीत’ म्हणायची सोयच नव्हती.

याउलट केसरबाई केरकर. जन्म 1892चा, गोव्यातल्या केरीचा. 1960च्या दशकात त्यांनी जाहीर गाणं थांबवलं ते थांबवलंच. त्यानंतर दहा-बारा वर्षं त्या होत्या, पण मंचावर आल्या नाहीत. हा करारीपणा मला मान्य आहे, आवडतोही. तरी एक ऐकणारा म्हणून माझी थोडी तक्रार आहे. सत्तरीतल्या केसरबाईंनी काय सोडलं असतं आणि काय ठेवलं असतं, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला गेलेल्यांनी एक गोष्ट अनुभवली असेल. बरीच वर्षं महोत्सवाची सांगता प्रभाताई अत्रे करत असत, आणि त्यानंतर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका वाजत असे. एकीकडे 1952 साली गेलेला माणूस, ज्याचं गाणं अखेरच्या काळात अर्धांगवायूनं थांबवलं होतं, पण तबकडीत जसाच्या तसा. आणि त्याच्या आधी नव्वदीतल्या प्रभाताई, समोर बसून श्वास घेणाऱ्या. आज काय जमेल, याचा निर्णय त्या वेळी फक्त त्यांच्याच हातात असे.  13 जानेवारी 2024 रोजी त्या गेल्या, त्या दिवशीही मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं.

आता थोडं आयोजकांना. शेवटची बैठक ज्येष्ठाची, असा आपला रिवाज. मान म्हणून तो ठीकच आहे. पण त्यामुळे सर्वांत थकलेल्या कलाकाराला सर्वांत जास्त वेळ ताटकळावं लागतं. रात्रभर चालणाऱ्या मैफलींच्या काळात तर त्यांची पाळी पहाटे येई. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतरचे उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद झाले. मध्यरात्रीचे राग त्यात गेले याची हळहळ आहेच, पण म्हाताऱ्या गवयांची पहाटेपर्यंतची जागरणंही त्यातच संपली. मात्र आता नऊ वाजता मंचावर आणून पावणेदहाला घड्याळ दाखवायचं, ही नवीच पद्धत पडली आहे. ज्याचा आवाज तापायलाच पंधरा मिनिटं लागतात, त्याच्या हातात मग राहतं काय? अशा कलाकाराला संध्याकाळी सहाला बसवा, हवा तेवढा वेळ द्या, आणि सत्काराची भाषणं दुसऱ्या दिवशी ठेवा.