समुद्र नसलेलं बंदर

आजचा भाग छोटा आहे, पण चिंब ओला आहे.

माद्रिदच्या आग्नेयेला बायेकास नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. 1950 पर्यंत ते वेगळं गाव होतं, मग शहरात सामील केलं. इथली जत्रा कार्मेन मातेची, 16 जुलैच्या आसपास. ही माता खलाशांची पाठीराखी. आता गंमत बघा, समुद्र इथून साधारण तीनशे किलोमीटर लांब! तरी 1981 पासून इथले लोक 'आमचं बंदर' म्हणत, जत्रेच्या दिवसांत भर रस्त्यात बादल्या आणि पिचकाऱ्या घेऊन 'आरमारी लढाई' खेळतात.

मला आधी वाटलं, नुसता टाइमपास. मग वस्तीचा इतिहास वाचला. दक्षिणेकडच्या खेड्यांतून कामासाठी आलेल्या लोकांनी 1950 च्या दशकात इथे रातोरात झोपड्या उभ्या केल्या. कित्येक घरांत नळच नव्हता. पाणी सार्वजनिक नळावरून भरून आणायचं. पुढे शेजाऱ्यांनी संघटना बांधल्या आणि घरं, पाणी, रस्ते भांडून मिळवले.

म्हणजे जिथे आजीने पाण्यासाठी रांग लावली, तिथेच आज नातवंडं एकमेकांवर बादल्या ओततात.

लढाईची दरवर्षी एक घोषणा असते, 'मोखाते पोर...', म्हणजे 'अमुक गोष्टीसाठी भीज'. स्पॅनिशमध्ये भिजणं म्हणजे ठाम बाजू घेणंसुद्धा!

तुमच्या गल्लीतल्या उत्सवामागे कुठली जुनी रांग आहे? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!